रिव्हरवर सुचलेला ब्लफ उशिरा सुचलेला असतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात दर शनिवारी रात्री सहा-सात मित्र जमता, टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळता (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी). पैसे लावत नाही. प्लास्टिकच्या चिप्स आहेत, संपल्या की डब्यातून पुन्हा घेता. व्हिडिओ पाहून ब्लफ शिकलात, म्हणजे पानं नसताना चिप्स लावून समोरच्याला पत्ते टाकायला लावणं. पण रिव्हरवर, म्हणजे टेबलावरचं पाचवं, शेवटचं पान उघडल्यावर, सगळ्या चिप्स पुढे सारल्या की कोणीतरी तेवढ्याच भरून कॉल करतंच, आणि वरून "का बे, ब्लफ मारून राहिला काय?" हेही ऐकावं लागतं. मागच्या शनिवारचा एक डाव तुम्ही पूर्ण लिहून दिलात आणि दोन गोष्टी विचारल्यात: ब्लफची योग्य वेळ कशी ओळखायची, आणि थोडे पैसे लावले तर ब्लफ चालायला लागतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे, त्याची कारणं पुढे देतो. पहिल्या प्रश्नात मात्र एक गृहीतक दडलंय. ब्लफची वेळ म्हणजे रिव्हरवरचा एखादा क्षण, असं तुम्ही धरलंय. इतकी वर्षं घरच्या टेबलांवर आणि गोव्यातल्या स्पर्धांमध्ये खेळून मला दिसलं ते वेगळं आहे. ब्लफची वेळ फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडण्याच्या, आधीपासून ठरत येते. समोरचा माणूस तुमच्या शेवटच्या बेटकडे, लावलेल्या चिप्सकडे, सुटं पाहत नाही. या डावात तुम्ही कुठून आत आलात, कुठे चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), कुठे नुसता कॉल केला, हे सगळं जोडून तो ठरवतो. त्याला पोकरचं गणित येत नसलं तरी हे जोडणं प्रत्येकाला येतं. रिव्हरचं पान पडल्यावर "आपल्याकडे तर काहीच नाही, आता ब्लफच मारावा" हा विचार पहिल्यांदा मनात आला असेल, तर आधीच्या तीन फेऱ्यांत तुम्ही वेगळंच काहीतरी सांगून बसलेले असता.

तुमच्याच डावावर बोलू. ब्लाइंड (पानं पाहण्याआधी दोघांना भराव्याच लागणाऱ्या चिप्स) ५०-१००. तुमच्याकडे चौकटची दश्शी आणि नव्वी. मधल्या जागेवरून १०० घालून तुम्ही आत आलात. बटणावरच्या, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरच्या, मित्राने ३०० केले, दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले, तुम्ही कॉल केलात. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, ७५०. फ्लॉप आला इस्पिक एक्का, बदाम सत्ती, किलवर चव्वी. तुम्ही चेक, त्याची ३०० ची बेट, तुमचा कॉल. पॉट १३५०. टर्नवर, म्हणजे चौथं पान, चौकट दुर्री, दोघेही चेक. रिव्हरला बदाम राजा आला आणि तुम्ही उरलेल्या ३००० चिप्स पुढे सारल्या. त्याने थोडा वेळ घेतला, कॉल केला, एक्का-अठ्ठी दाखवली आणि पॉट नेला. "राजा पाहून तो घाबरेल असं वाटलं," असं तुम्ही लिहिलंय.

आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. राजा आल्यामुळे तुमच्याकडची कोणती पानं अचानक मोठी झाली असतील? एक्का-राजा असता तर तुम्ही फ्लॉपच्या आधी नुसते १०० घालून आला नसतात. राजा-राणी असती, तर एक्का पडलेल्या फ्लॉपवर ३०० कशासाठी भरले असते? म्हणजे राजाने त्याला घाबरण्यासारखं काही दिलंच नाही. मग मुख्यतः उरतं काय? सत्तीची किंवा चव्वीची तिकडी. तुमच्या आधीच्या चालीशी ती थोडीफार जुळते. पण सत्तीची तिकडी होण्याच्या वाटा तीन आणि चव्वीच्या तीन, मिळून सहा. फार तर एक्का-सत्ती, एक्का-चव्वीसारख्या दोन जोड्या त्यात धरा. शिवाय ज्याच्याकडे तिकडी आहे तो १३५० च्या पॉटमध्ये ३००० का लावेल? त्याला कॉल हवा असतो, तो ८००-९०० लावेल. सराईत खेळाडू चांगल्या पानांवरही पॉटच्या दुप्पट लावतात हे खरं आहे. पण तुम्हीच प्रश्नात लिहिलंय की चांगली पानं आली की तुम्ही छोटी बेट लावता, म्हणजे मित्र डावात टिकून राहतात. दर शनिवारी हे पाहणाऱ्या मित्राला त्या ३००० चा अर्थ लागायला किती वेळ लागणार?

यामागचं गणित छोटं आहे आणि ते तोंडपाठ हवं. ब्लफ शंभरातून किती वेळा यशस्वी व्हायला हवा, हे काढायला तुमची बेट भागिले बेट अधिक पॉट. अर्ध्या पॉटएवढी बेट लावली तर ३३ टक्के वेळा समोरच्याने पत्ते टाकले की तुमचा तोटा होत नाही. दोन-तृतीयांश पॉटला ४० टक्के, पूर्ण पॉटला ५० टक्के, दुप्पट पॉटला सुमारे ६७ टक्के. तुमच्या डावात ३००० भागिले ४३५०, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के. दहापैकी सात वेळा त्याने पत्ते टाकायला हवे होते. त्याच जागी ९०० लावले असते तर ४० टक्के पुरले असते. मोठी बेट जास्त घाबरवते हे खरं, पण ती तुमच्याकडून जास्त यशही मागते. घरच्या टेबलावर ज्याच्याकडे एक्क्याची जोडी आहे तो ९०० लाही पत्ते टाकत नाही आणि ३००० लाही टाकत नाही. ज्याच्याकडे काही नाही तो ९०० लाच टाकतो. मग वरचे २१०० कशासाठी?

तर ९०० लावायला हवे होते का? ३००० पेक्षा ते नक्कीच बरं होतं. त्याने टर्नवर चेक केलं, म्हणजे त्याच्याकडे फार मजबूत काही नाही हे दिसत होतं. तरीही तुमच्या पानांवर मी ती बेट लावली नसती. विचार करा, तिथे पत्ते टाकणारा माणूस कोण? ज्याच्याकडे नव्वीची, दश्शीची, अठ्ठीची जोडी आहे तो. आणि तुमच्याकडे नेमकी एक नव्वी आणि एक दश्शी. नव्वीची जोडी एरवी सहा प्रकारे होऊ शकते, एक नव्वी तुमच्या हातात असल्यावर तीनच प्रकारे. दश्शीचं तेच. म्हणजे जी पानं त्याने टाकावीत असं तुम्हाला वाटतं, ती त्याच्याकडे असण्याची शक्यता तुम्हीच कमी करून बसला होतात, आणि उरलेले तिन्ही एक्के मात्र मोकळे होते. खेळाडू याला ब्लॉकर म्हणतात. त्याचा उपयोग उलट्या दिशेनेही होतो. टेबलावर एकाच रंगाची तीन पानं असतील आणि त्या रंगाचा एक्का एकटाच तुमच्या हातात असेल, तर सर्वांत मोठा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) समोर असूच शकत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं आणि त्याला ठाऊक नसतं. काहीच न जमलेल्या दोन डावांपैकी कुठल्या डावात ब्लफ मारायचा, हे बऱ्याचदा अशा एका पानावर ठरतं.

खरं तर तुमचा तो डाव फ्लॉपवरच सोडायला हवा होता. एक्का-सत्ती-चव्वीवर दश्शी-नव्वीला जोडी नाही, फ्लशची आशा नाही, स्ट्रेटला (ओळीने पाच पानं) पुढची दोन्ही पानं हवीत. तिथे भरलेले ३०० कोणत्याच बेतात बसत नव्हते, आणि रिव्हरचा ब्लफ त्या ३०० ना वाचवायला मारलेला होता. अडकलेल्या चिप्स सोडवायला मारलेला ब्लफ मी बहुतेक वेळा फसतानाच पाहिलाय.

मग चांगली सुरुवात कशी असते? माझे यशस्वी झालेले बहुसंख्य ब्लफ अर्ध्या तयार पानांवर सुरू झालेले आहेत. समजा तुमच्याकडे इस्पिकची दोन पानं आहेत आणि फ्लॉपवर आणखी दोन इस्पिक आली. फ्लशला एक पान हवं. उरलेली इस्पिक नऊ, आणि दोन पानं यायची बाकी असताना फ्लश लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. टर्न पडून गेल्यावर एकच पान उरतं तेव्हा ती २० टक्क्यांच्या आसपास येते. आता ६०० चा पॉट आहे आणि तुम्ही उरलेल्या ६०० चिप्स लावून ऑल-इन झालात. समोरच्याने कॉल केला तरी काय होतं? शंभरातून ३५ वेळा तुम्हाला १२०० मिळतात आणि ६५ वेळा तुमचे ६०० जातात. एकीकडे ४२,०००, दुसरीकडे ३९,०००. म्हणजे त्याने दर वेळी कॉल केला तरी सरासरीत तोटा नाही, आणि पत्ते टाकले तर पॉट तसाच तुमचा. हाच ब्लफ रिव्हरवर, हातात काही नसताना मारला तर निम्म्या वेळा त्याने पत्ते टाकायलाच हवेत. दोन्हींत किती फरक आहे पाहा. म्हणून मी शिकवतो त्या मुलांना सांगतो की आधी महिनाभर फक्त फ्लॉप आणि टर्नवर, पुढे पान लागण्याची आशा असतानाच ब्लफ मारा. रिव्हरचा ब्लफ नंतर.

अशा सुरुवातीचा दुसरा फायदा असा की पुढची गोष्ट आपोआप खरी वाटते. याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे २००३ ची लास वेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर. टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तिथे पोचला होता आणि शेवटी समोर उरला होता सॅम फारहा, मुरलेला व्यावसायिक. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, फारहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. फ्लॉप इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. दोघांनीही चेक केलं. टर्नवर इस्पिक अठ्ठी पडली. फारहाने बेट लावली आणि मनीमेकरने तिथे रेझ केलं, म्हणजे बेट वाढवली. रिव्हरला बदाम तिर्री आली, कोणाच्याच उपयोगाची नाही. फारहाने चेक केलं, मनीमेकर ऑल-इन गेला. फारहाने बराच विचार करून नव्वीची जोडी टाकून दिली. टेबलावरची सर्वांत मोठी जोडी त्याचीच होती.

लोक त्या डावात मनीमेकरची हिंमत पाहतात. मला त्यातली टर्नची रेझ महत्त्वाची वाटते. तिसरं इस्पिक पडलं तेव्हाच त्याने रेझ केलं, म्हणजे "माझा फ्लश किंवा स्ट्रेट झाला" हे तो रिव्हरच्या आधीच सांगून चुकला होता. ते सांगताना त्याच्या हातात फ्लशची आणि स्ट्रेटची, दोन्हींची आशा खरोखर होती. आणि इस्पिकचा राजा त्याच्याकडे असल्याने फारहाकडे राजाचा फ्लश असणं शक्यच नव्हतं. रिव्हरवर त्याने नवं काही सांगितलं नाही, टर्नला सांगितलेलंच पुढे नेलं. त्याच रात्री त्याने स्पर्धा जिंकली, बक्षीस २५ लाख डॉलर. हा डाव इंटरनेटवर सहज सापडतो. बघताना चेहऱ्यांकडे लक्ष देऊ नका, फक्त कोणी कधी किती लावले ते लिहून काढा.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर तेही बोलतो, कारण तुम्ही "पोकर फेस जमत नाही" असं लिहिलंय. चेहऱ्याचं महत्त्व फार वाढवून सांगितलं जातं. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेली लिब्रेटस ही संगणक-प्रणाली जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत चार व्यावसायिकांशी २० दिवस खेळली, १,२०,००० डाव, आणि मोठ्या फरकाने जिंकली. तिला चेहरा नव्हता, समोरच्याचा चेहरा दिसतही नव्हता. ती भरपूर ब्लफ मारत होती, आणि ते सगळे बेटच्या आकारावर आणि शक्यतांवर उभे होते. तुमच्याकडून एवढंच पुरे की चांगली पानं असोत वा नसोत, बेट लावायला साधारण सारखाच वेळ घ्या, चिप्स सारख्याच पद्धतीने पुढे ठेवा आणि लावून झाल्यावर गप्प बसा. नागपूरच्या टेबलावर गप्प बसणं सर्वांत अवघड, हे मला मान्य आहे. ब्लफ मारल्यावर माणूस अचानक पाणी मागतो, कूलरकडे बघतो, नाहीतर उगाच क्रिकेटवर बोलायला लागतो, आणि मित्र नेमकं तेच ओळखतात.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांची आणखी एक सवय असते आणि ती तीन पत्तीतून येते. महाल भागातल्या आमच्या वाड्यात दिवाळीच्या रात्री आम्हीही तेच खेळत मोठे झालो. तीन पत्तीत टेबलावर एकही पान उघडं नसतं. समोरच्याकडे काय आहे हे ओळखायला चालीशिवाय काहीच आधार नसतो. न बघता खेळणाऱ्याला बघून खेळणाऱ्याच्या निम्मेच भरावे लागतात, म्हणून ब्लाइंडचा दाब स्वस्तात टाकता येतो. चाल वाढवत नेली की कोणीतरी कंटाळून पॅक होतो, दोघे उरले की पैसे भरून शो मागता येतो. तिथे नुसता रेटा चालतो. होल्डेममध्ये पाच पानं सर्वांसमोर उघडी असतात. तुमची प्रत्येक बेट त्या पानांशी ताडून पाहिली जाते, आणि तिथे नुसत्या रेट्याने कोणी घाबरत नाही. तुमच्या टेबलावरचे सगळे जण तीन पत्तीतून आलेले असतील, तर त्यांनाही दुसऱ्याचा रेटा म्हणजे ब्लफच वाटणार. त्यामुळे ते कॉल जास्त करणार.

इथे मुख्य मुद्दा येतो. ब्लफ पत्ते टाकू शकणाऱ्या माणसावरच मारता येतो. काही जणांना पत्ते टाकणं जमतच नाही. त्यांना काय आहे ते 'बघायचं' असतं. अशा माणसावर ब्लफ मारायची योग्य वेळ कधीच येत नाही, हे मान्य करून टाका. त्याच्याविरुद्ध चांगली पानं आली की मोठी बेट लावा, तो भरेल. तुम्ही आता नेमकं उलटं करताय, चांगल्या पानांवर छोटी आणि रिकाम्या हातावर मोठी बेट. आधी हे बदला. चांगल्या पानांवर दोन-तृतीयांश पॉट लावायला लागलात की काही शनिवारांनी त्याच आकाराचा ब्लफ चालायला लागेल, कारण तेव्हा त्या आकारामागे खरी पानं दिसलेली असतील.

किती जण डावात आहेत, हेही तितकंच महत्त्वाचं. एका माणसाने पत्ते टाकण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर दोघांनीही टाकण्याची ३६ आणि तिघांनीही टाकण्याची जेमतेम २२ टक्के. घरच्या डावात चार-पाच जण फ्लॉप बघायला येतातच. तिथे ब्लफ विसरा. एकच माणूस समोर उरलाय, तुमची पाळी त्याच्या नंतर आहे आणि त्याने दोनदा चेक केलंय, तेव्हा विचार सुरू करा. समोरच्याकडे पॉटपेक्षा कमी चिप्स उरल्या असतील तर हात आखडता घ्या. इतकं घालून बसलेला माणूस उरलेलंही घालतो. आणि नुकताच मोठा डाव हरून चिडलेल्या मित्राला तर अजिबात ब्लफ मारू नका. पुढचे काही डाव तो कोणालाच सोडणार नाही.

यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या मित्रांना मी खेळताना पाहिलेलं नाही. एखादा सावध, हिशेबी मित्र असेल तर त्याच्यापुरतं वरचं सगळं सैल करता येईल. पण तुमच्या वर्णनावरून एक अडचण टेबलाच्या रचनेतच दिसते. चिप्स संपल्या की डब्यातून पुन्हा घेता. मग कॉल करणाऱ्याचं जातं काय? काहीच नाही. पत्ते टाकून वाचतं काय? तेही नाही. जिथे चूक फुकट आहे तिथे प्रत्येक जण बघायलाच जाणार, आणि ते त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. म्हणूनच तुम्हाला पैशांचा मार्ग सुचला असावा.

तो मार्ग धरू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि कौशल्याचा खेळ की नशिबाचा, असा भेद न करता पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. घरच्या टेबलासाठी महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानलं, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवलं. गोव्यातल्या कॅसिनोंना वेगळा परवाना आहे, तो त्रिमूर्ती नगराला लागू होत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मला याहून मोठी काळजी वाटते ती दुसरी. शनिवारी जमणाऱ्या मित्रांमध्ये एकाला ५०० रुपये काहीच नसतात आणि दुसऱ्याचं महिन्याचं गणित त्यावर असतं. पैसे आले की पत्ते टाकायला लावणारी भीती येते हे खरं, पण ती सगळ्यांत आधी ज्याला परवडत नाही त्याला येते. तुम्ही मग त्याच्या पानांना नाही, त्याच्या अडचणीला ब्लफ मारत असता. अशी टेबलं आणि त्यानंतर तुटलेल्या मैत्र्या मी पाहिल्या आहेत.

पैशांशिवाय चिप्सना किंमत आणता येते. आमच्या लक्ष्मी नगरच्या गटात आम्ही स्पर्धेची पद्धत ठेवलीय. सगळ्यांना सारख्या चिप्स, संपल्या की पुन्हा मिळत नाहीत, दर वीस मिनिटांनी ब्लाइंड वाढतात. शेवटच्या तिघांना गुण, ते वहीत लिहायचे, आणि कोजागिरीपासून पुढच्या कोजागिरीपर्यंत वर्षाची बेरीज. जो पहिला बाहेर पडेल त्याने उरलेली रात्र पत्ते पिसायचे आणि वाटायचे. एवढ्याने लोक पत्ते टाकायला लागतात. डब्यातल्या चिप्सवर काहीही घेऊन कॉल करणारा माणूस दीड वाजेपर्यंत दुसऱ्यांसाठी पत्ते वाटायला नको म्हणून एक्क्याची जोडी सोडून देताना मी पाहिलाय.

आणि या पद्धतीत ब्लफची सर्वांत चांगली वेळ आपोआप तयार होते. चौघे उरलेत आणि गुण तिघांना मिळणार आहेत, तो टप्पा. मोठ्या स्पर्धांमध्ये याला बबल म्हणतात. तिथे मधल्या चिप्सवाला फार सावध होतो, कारण आणखी थोडा वेळ टिकला की त्याला गुण मिळणारच आहेत. तुमच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त चिप्स असतील तर फ्लॉपच्या आधी रेझ करून त्याचा ब्लाइंड उचला, फ्लॉपवर पुन्हा अर्धा पॉट लावा. तो एरवी कॉल करेल अशा पानांवरही तिथे पत्ते टाकेल. अगदी थोड्या चिप्स उरलेल्याला मात्र त्या वेळी छेडू नका. त्याला कशीही दुप्पट करायचीच असते, तो कॉल करतो. आणि जो तुमच्यापेक्षा चिप्समध्ये मोठा आहे त्याच्या वाटेला रिकाम्या हाताने जाऊ नका. एका रात्रीत असे दोन-तीन प्रसंग आले तर पुष्कळ झाले. त्याहून जास्त ब्लफ मारावेसे वाटायला लागले, तर पानं न पाहता कंटाळ्यामुळे खेळ चाललाय असं समजा.

येत्या शनिवारसाठी एक काम देतो. रिव्हरवर बेट लावण्याआधी मनात एका वाक्यात उत्तर द्या: माझ्याकडे नेमकी कोणती दोन पानं आहेत असं त्याला वाटावं, आणि ती पानं असती तर मी टर्नवर हेच केलं असतं का? उत्तर अडखळलं तर चेक करा. घरी आल्यावर त्या रात्रीचे दोन डाव लिहून काढा, तुमचा एक आणि दुसऱ्या कोणाचा तरी एक. ते इथे टाकले तर मी नक्की पाहीन.

तुम्ही जाता जाता विचारलंय की ब्लफ चालला की पत्ते दाखवावेत का. दाखवू नका. कॉल झाला तर उघडावेच लागतात, ती गोष्ट वेगळी. पण समोरच्याने पत्ते टाकले असतील तर तुमचे दोन्ही पत्ते पालथेच वाटणाऱ्याकडे सरकवा आणि पुढच्या डावाचा ब्लाइंड भरा. "काय होतं बे, सांग नं" असं तीन जण विचारतील. तुम्ही सांगितलंत, तर त्या आकाराची तुमची पुढची बेट ते कॉल करून पाहतील. आणि ती नेमकी चांगल्या पानांवर लावलेली असेल असं काही तुमच्या हातात नसतं.